पंगतीला बसलेले सगळे : स्पाइक ली यांचा 'ट्वेंटी-फिफ्थ अवर'

गुन्हा, पाठलाग, अटक, खटला आणि शिक्षा हा गुन्हेगारीपटांचा ठरलेला क्रम आहे, आणि त्यातला शेवटचा टप्पा बहुधा दोन-चार मिनिटांत उरकला जातो. स्पाइक ली यांनी २००२ साली केलेला 'ट्वेंटी-फिफ्थ अवर' त्या शेवटच्या टप्प्यापासूनच सुरू होतो. मॉन्टी ब्रोगन हा न्यूयॉर्कमधला अमली पदार्थांचा विक्रेता पकडला गेलेला आहे, त्याला सात वर्षांची शिक्षा सुनावून झाली आहे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने स्वतःच्या पायांनी तुरुंगाच्या दारात हजर व्हायचे आहे. मधला एक दिवस आणि एक रात्र एवढाच काळ चित्रपटाच्या हाती आहे. डेव्हिड बेनिऑफ यांनी आपल्याच कादंबरीवरून पटकथा लिहिली असून एडवर्ड नॉर्टन यांनी मॉन्टीची भूमिका केली आहे. पोलिसांना चकवणे, पैशाची बॅग, शेवटची गोळी यांची वाट पाहत बसणाऱ्या प्रेक्षकाला यातले जवळजवळ काहीच मिळत नाही, आणि तरीही सव्वादोन तास जागचे हलवत नाही अशी या चित्रपटाची पकड आहे.

जळगावात आम्ही काही मंडळी अधूनमधून एखाद्याच्या घरी जमून चित्रपट पाहतो, त्या बैठकीत हा पाहिला. इंग्रजी उपशीर्षके होती, त्यामुळे भाषेची अडचण फारशी आली नाही. अडचण आली ती कथेच्या पायाभूत गृहीतकाची. शिक्षा झालेला माणूस आपल्या घरी झोपतो, कुत्र्याला फिरवून आणतो, मित्रांबरोबर क्लबात जातो आणि ठरल्या दिवशी वडिलांच्या गाडीतून तुरुंगापर्यंत जातो, हे आपल्याकडच्या माणसाला पटकन पचत नाही. अमेरिकेत काही आरोपींना शिक्षेनंतर अशी हजर होण्याची तारीख दिली जाते. आपल्याकडे १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात हेरॉइनचे २५० ग्रॅम हे व्यावसायिक प्रमाण धरले जाते, त्यापुढे किमान १० आणि कमाल २० वर्षांचा सश्रम कारावास आहे आणि जामीन मिळणेही अतिशय कठीण आहे, त्यामुळे असा निरोपाचा दिवस कोणाच्या वाट्याला येणे अवघडच. न्यूयॉर्क राज्याचे कायदेही काही मवाळ नव्हते. गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर यांच्या कारकिर्दीत १९७३ साली झालेले तिथले अमली पदार्थविषयक कायदे त्यांच्या कठोरपणामुळेच गाजले होते. ही पार्श्वभूमी ठाऊक असली म्हणजे चौकशीच्या प्रसंगातला अधिकाऱ्यांचा निवांत, खेळकर सूर अधिक बोचतो. त्यांना धमकी देण्याची गरजच नाही, कायदा त्यांच्या वतीने बोलतो आहे.

स्वतःहून तुरुंगात जाणे ही खानदेशाला तशी अपरिचित गोष्ट नाही, हेही त्या बैठकीत कोणीतरी काढले. धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत आणि साने गुरुजी ते उतरवून घेत. त्या तुरुंगवासाची आठवण आपण अभिमानाने सांगतो. मॉन्टीच्या तुरुंगवासात अभिमान बाळगावा असे कणभरही काही नाही, आणि त्याला पोचवायला निघालेल्या बापाला हे पुरते ठाऊक आहे. चित्रपटाची सगळी वेदना इथे आहे.

कथेची सुरुवात एका कुत्र्यापासून होते. मॉन्टी आणि त्याचा धंद्यातला जोडीदार कोस्त्या रात्री गाडीने जात असताना रस्त्याच्या कडेला मारझोड करून फेकलेला कुत्रा मॉन्टीला दिसतो. त्याला यातनांतून सोडवावे म्हणून मॉन्टी पिस्तूल काढतो, पण कुत्रा जवळ येणाऱ्या हातावर दात विचकून झेप घेतो. एवढी धुगधुगी असलेल्या जनावराला मारायचे नाही असे ठरवून मॉन्टी त्याला गाडीच्या डिकीत घालतो. कोस्त्या शेजारी उभा राहून कुरकुरत असतो. या प्रसंगाने नायकाची बाजू प्रेक्षकाच्या मनात घट्ट बसते, आणि लेखक-दिग्दर्शकांनी ती मुद्दाम आधी बसवली आहे. कारण पुढे त्यांना त्या बाजूला एकेक तडा द्यायचा आहे. मुक्या जनावराची दया येणारा माणूस रोज माणसांना विष विकत होता, ही गोष्ट चित्रपट विसरू देत नाही.

अटकेचा प्रसंग पूर्वस्मृती म्हणून येतो आणि तो बारकाईने पाहण्यासारखा आहे. अधिकारी घरात शिरतात. त्यांना कपाटे उचकावी लागत नाहीत, गाद्या फाडाव्या लागत नाहीत. त्यांच्यातला एक जण सोफ्यावर बसतो, जरासा हलतो आणि हा सोफा काही आरामशीर नाही बुवा, अशी तक्रार करतो. पुन्हा बसून पाहतो, उशी चाचपतो. घाई कसलीच नाही. त्याला जागा आधीच सांगितली गेली आहे, हे मॉन्टीच्या लक्षात येते ते त्या कुरबुरीवरून, आणि नॉर्टनच्या चेहऱ्यावर भीतीच्या आधी हिशेब उमटतो : घरात कोण कोण होते, कोणाला ठाऊक होते. संशय जातो तो सोबत राहणाऱ्या मैत्रिणीवर, नॅचरेलवर. पुढचा सगळा दिवस हा संशय त्या दोघांच्या मध्ये बसून असतो. ती जेवायचे विचारते तेव्हाही तो असतोच.

खबर कोणी दिली हे रहस्य चित्रपट सोडवतो, पण त्याला त्यात फार रस आहे असे वाटत नाही. त्याला रस आहे तो ज्यांनी कधीच कोणाला काही सांगितले नाही त्यांच्यात. मॉन्टीचे बालपणापासूनचे दोन मित्र आहेत. फ्रँक वॉल स्ट्रीटवर रोख्यांचे व्यवहार करतो, जेकब शाळेत इंग्रजी शिकवतो. मॉन्टीचा पैसा कुठून येतो हे दोघांनाही वर्षानुवर्षे माहीत आहे. नॅचरेल त्या पैशावर उभ्या राहिलेल्या घरात राहते. स्टेटन आयलंडवर छोटा बार चालवणारे त्याचे वडील जेम्स हे एकेकाळी अग्निशमन दलात होते. पत्नीच्या मृत्यूनंतर ते दारूत बुडाले आणि धंदा बुडायला आला तेव्हा मुलाच्या पैशाने तो तगला. फ्रँक आणि नॅचरेल यांच्यात क्लबात जी वादावादी होते तिच्यात तो तिला ऐकवतो, की हे घर, हे दागिने कुठून आले ते तुला कळत नव्हते का. आणि ती त्याला विचारते, की तू त्याचा इतका जवळचा मित्र, मग तू एकदा तरी त्याला थांब म्हणालास का. दोघांचेही म्हणणे खरे आहे, म्हणून ते भांडण मिटत नाही.

इथे आमच्या बैठकीतले नाना, जे निवृत्त शिक्षक आहेत आणि चित्रपट चालू असताना सहसा बोलत नाहीत, ते न राहवून अहिराणीत म्हणाले, "बठ्ठासले (सगळ्यांना) माहीत व्हतं ना? मंग कोनी बोलनं का नही?" त्यावर मागून कोणीतरी उत्तर दिले, "नाना, बोलीसन काय फायदा व्हता?" खोलीत जरा हशा झाला आणि तो लगेच विरला, कारण त्या प्रश्नोत्तरात न्यूयॉर्कपेक्षा आमचा जिल्हाच अधिक होता. गिरणेच्या पात्रातून रात्री वाळू उपसून नेणारे ट्रॅक्टर आणि डंपर ज्याने ऐकले नाहीत असा माणूस नदीकाठच्या गावांत शोधून सापडणार नाही. त्या पैशातून बंगले उठतात, मंदिराच्या जीर्णोद्धाराची मोठी पावती फाटते, सप्ताहाची पंगत होते, आणि त्या पंगतीला सगळा गाव बसतो. विहिरींचे पाणी खाली गेले की नदीची चर्चा होते, वाळू नेणाऱ्याची होत नाही. एखाद्या दिवशी महसूल पथकावर हल्ला होतो, पोरगा आत जातो, आणि मग गाव म्हणतो की पोरगा तसा चांगला होता. फ्रँक, जेकब आणि जेम्स ब्रोगन हे नेमके असेच लोक आहेत. दुष्ट त्यांच्यातला एकही नाही. त्यांनी फक्त वेळेवर वाढलेले पान नाकारले नाही.

एकट्या नायकाच्या कपाळी सगळे पाप न लिहिता त्याच्या भोवतीच्यांची झाडाझडती घेणे, आणि तसे करताना नायकाला मात्र रतीभरही सूट न देणे, हे या पटकथेचे मोठे यश मानावे लागेल. आपल्या हिंदी गुन्हेगारीपटांना हे सहसा साधत नाही. तिथे परिस्थिती, गरिबी, भ्रष्ट पोलीस यांच्याकडे एकदा बोट दाखवले की नायक मोकळा होतो, आणि शेवटी गोळी खाऊन मेला की उरलासुरला हिशेबही मिटतो. मृत्यू हा अशा चित्रपटांत खरे तर सवलतीचा शेवट असतो. मॉन्टीला ती सवलत नाही. त्याला सात वर्षे, त्यातला प्रत्येक दिवस जगून काढायचा आहे. पळून जाणे, स्वतःला गोळी घालणे किंवा तुरुंगात जाणे असे तीनच मार्ग त्याच्यासमोर आहेत हे फ्रँक जेकबला थंडपणे मोजून दाखवतो आणि वर हेही सांगतो, की मित्र असला तरी दुसऱ्यांच्या दुःखावर त्याने पैसा केला आहे, तेव्हा ही शिक्षा त्याला लागूच होती.

हे संभाषण ज्या खिडकीपाशी होते ती खिडकी या चित्रपटातली सर्वांत मोठी गोष्ट आहे. फ्रँकच्या घराच्या बरोबर खाली, जिथे जागतिक व्यापार केंद्राचे दोन मनोरे होते, तिथला प्रचंड खड्डा दिसतो. दिव्यांच्या झोतात कामगार माती चाळत आहेत. दोघे मित्र खिडकीत उभे राहून बोलतात आणि कॅमेरा कितीतरी वेळ दृश्य न तोडता, सलग त्यांच्यासमोर थांबून राहतो. बेनिऑफ यांची कादंबरी ११ सप्टेंबर २००१ च्या आधीची आहे, त्यामुळे तिच्यात हा खड्डा असणे शक्यच नव्हते. ली यांनी तो चित्रपटात आणला. श्रेयनामावलीवर २००२ च्या मार्चमध्ये मनोऱ्यांच्या स्मरणार्थ प्रथम प्रज्वलित झालेले ते दोन निळसर प्रकाशस्तंभ आणले, आणि जेम्सच्या बारमध्ये हल्ल्यात गेलेल्या अग्निशमन जवानांची छायाचित्रे लावली. काही समीक्षकांना त्या काळी हे ओढूनताणून जोडल्यासारखे वाटले होते. मला तसे वाटत नाही. स्वतःवर एवढा मोठा घाव झालेले शहर आणि स्वतःच्या हाताने आयुष्याचे वाटोळे केलेला माणूस यांची कारणे सर्वस्वी वेगळी आहेत, आणि चित्रपट ती एकच आहेत असे कुठेही सुचवत नाही; काल होते ते आज नाही, एवढ्याच एका जाणिवेवर तो दोघांना शेजारी उभे करतो.

वडिलांच्या बारमधल्या स्वच्छतागृहात आरशासमोर मॉन्टी जो भडिमार करतो तो प्रसंग बहुधा सर्वांत जास्त चर्चिला गेलेला आहे. आरशातले त्याचेच प्रतिबिंब बोलू लागते आणि शहरातल्या एकेका जमातीला शिव्या घालत सुटते : टॅक्सीवाले, कोरियन दुकानदार, रशियन, वॉल स्ट्रीटचे दलाल, पोलीस, धर्मगुरू, ओसामा बिन लादेन, मग फ्रँक, जेकब, नॅचरेल, बाप. शीख आणि पाकिस्तानी टॅक्सीचालकांपर्यंत ही सरबत्ती पोचते तेव्हा आपल्याला अवघडल्यासारखे होते, आणि व्हावे अशीच योजना आहे. शेवटी शिव्या देण्यासारखे कोणी उरत नाही तेव्हा तो स्वतःपाशी येतो आणि कबूल करतो, की सगळे हातात होते आणि तूच ते फेकून दिलेस. इतरांना दोष देण्याचा कंटाळा येईपर्यंत दोष देऊ द्यायचा आणि मग माणसाला त्याच्या स्वतःच्या दाराशी आणून सोडायचे, ही रचना कागदावर सोपी वाटते; नॉर्टनच्या तोंडी ती जराही बेतलेली वाटत नाही.

मारहाणीचा प्रसंग मात्र काहींना पाहवणार नाही. देखणा चेहरा घेऊन आत गेलो तर पहिल्याच रात्री माझे काय होईल, या धास्तीने मॉन्टी पहाटे फ्रँकला विनवतो की माझा चेहरा बिघडवून टाक. फ्रँक नकार देतो, मॉन्टी त्याला चिथावतो, आणि एकदा हात उचलला गेल्यावर फ्रँकचा इतक्या वर्षांचा दाबून ठेवलेला राग, प्रेम आणि अपराधीपणा त्या ठोशांतून बाहेर पडतो. जेकब रडत बघत राहतो. बॅरी पेपर यांनी फ्रँकचा गुर्मीखोरपणा या प्रसंगात ज्या रीतीने कोसळू दिला आहे, ते मला संपूर्ण चित्रपटातले सर्वोत्तम काम वाटले. वेळेवर दोन शब्द बोलण्याची जबाबदारी ज्याने टाळली, त्याला शेवटी हात उगारायची जबाबदारी घ्यावी लागते, हा पटकथेचा हिशेब क्रूर असला तरी चोख आहे.

आता शेवटाविषयी लिहिणे भाग आहे, तेव्हा ज्यांना तो आधी कळायला नको आहे त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. सुजलेला, रक्ताळलेला चेहरा घेऊन मॉन्टी वडिलांच्या गाडीत बसतो. वाटेत बाप म्हणतो, तू म्हणालास तर मी गाडी पश्चिमेकडे वळवतो. आणि मग ब्रायन कॉक्स यांच्या खर्जातल्या आवाजात एक अख्खे आयुष्य उलगडत जाते : वाळवंटातले आडगाव, नवे नाव, छोटी नोकरी, काही वर्षांनी येऊन मिळालेली नॅचरेल, मुले, नातवंडे, आणि म्हातारपणी एके दिवशी सगळ्यांना बसवून सांगितलेले सत्य. हे सगळे आपण पडद्यावर घडताना पाहतो आणि काही मिनिटे आपल्यालाही ते घडावेसे वाटते. मग कॅमेरा पुन्हा त्या सुजलेल्या चेहऱ्यावर येतो. बाप पोराला वाचवू पाहतो आहे, की स्वतःच्या अपराधातून सुटू पाहतो आहे? कॉक्स यांचा अभिनय दोन्ही शक्यता जिवंत ठेवतो. ज्या माणसाने मुलाच्या पैशाला कधी नाही म्हटले नाही, तोच आता मुलाला कायद्यातूनही पळवायला तयार आहे, म्हणजे त्याचे प्रेम आणि त्याची चूक अजूनही एकाच वाटेने चालली आहेत.

उणिवाही आहेत, आणि त्या लहान नाहीत. जेकब आणि त्याची विद्यार्थिनी मेरी यांचे उपकथानक मला शेवटपर्यंत खटकत राहिले. फिलिप सीमूर हॉफमन यांनी अवघडलेला, घामेजलेला मास्तर उत्तम वठवला आहे आणि आज चूक केली तर उद्या काय, हा प्रश्न जेकबलाही पडावा हा हेतू समजतो. पण ॲना पॅक्विन यांच्या वाट्याला आलेली मुलगी माणूस म्हणून उभीच राहत नाही, ती केवळ त्याच्या परीक्षेची प्रश्नपत्रिका होऊन राहते. नॅचरेलवरही असाच थोडा अन्याय झाला आहे. रोझारिओ डॉसन यांनी दिलेली ऊब बाजूला काढली तर लेखनात ती मुख्यतः 'संशयित' म्हणूनच आहे. रशियन टोळीवाल्यांचा प्रसंग इतर शंभर चित्रपटांतून उचलून आणल्यासारखा वाटतो. टेरेन्स ब्लँचार्ड यांचे संगीत स्वतंत्रपणे अतिशय सुंदर आहे, परंतु दोन-तीन ठिकाणी प्रसंग पुरेसा बोलत असताना ते उगाच वर चढते. क्लबातला भागही दहा मिनिटांनी कमी चालला असता.

माझा सर्वांत मोठा आक्षेप वेगळाच आहे. सुरुवातीला मॉन्टी नदीकाठी कुत्र्याबरोबर बसलेला असताना त्याचे एक जुने गिऱ्हाईक येते. त्याची अवस्था वाईट आहे, त्याला माल हवा आहे. मॉन्टी धंदा बंद झाला म्हणून त्याला हाकलून देतो. तो माणूस निघून जातो आणि पुन्हा कधी येत नाही. मित्र, मैत्रीण, बाप, शहर या सगळ्यांची विचारपूस करणाऱ्या चित्रपटात विष विकत घेणाऱ्यांपैकी एकाचेही घर आपल्याला दिसत नाही. फ्रँक एका वाक्यात त्यांचा उल्लेख करतो, तेवढाच. मॉन्टीने जे केले त्याचे परिणाम आपण सव्वादोन तास पाहतो, पण ते त्याच्यावर आणि त्याच्या माणसांवर झालेले परिणाम आहेत. वाळूच्या गावातही तुरुंगात गेलेल्या पोराच्या आईचे दुःख सगळ्यांना ठाऊक असते. खालच्या अंगाला ज्याची विहीर आटली त्याच्या घरी कोणी विचारायला जात नाही. पंगतीचा हिशेब इतक्या कठोरपणे मांडणाऱ्या लेखकाने बाहेर उपाशी बसलेल्याला निदान एक प्रसंग तरी द्यायला हवा होता.

चित्रीकरणाबद्दल थोडेच सांगतो. रॉड्रिगो प्रिएटो यांनी क्लबाला हिरव्या-निळ्या उजेडाने भारले आहे आणि शेवटच्या पश्चिमेच्या प्रवासाला उन्हाने जळालेला, जास्त प्रकाशलेला रंग दिला आहे, त्यामुळे ते आयुष्य दिसता क्षणीच हाताला न लागणारे वाटते. मिठीसारख्या क्षणी तीच हालचाल दोनदा जोडून दाखवण्याची ली यांची सवय इथेही आहे. ती पहिल्यांदा चमकवते, नंतर सवयीची होते. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर, मोबाइल चाळत पाहण्याजोगा हा चित्रपट नाही, कारण यातली अर्धी कथा माणसे बोलत नसताना घडते. शिव्या मात्र जवळजवळ प्रत्येक वाक्यात आहेत, काही थेट जातीधर्मावर आहेत आणि उपशीर्षके त्या झाकत नाहीत. तेव्हा घरातल्या विशीतल्या मुलाबरोबर बसून पाहायचा बेत असेल, तर पहिला अर्धा तास दोघांनीही समोर पडद्याकडेच बघावे.